‘तो तर नुसता मागे बसला होता’

माझा धाकटा भाऊ दारूला हात लावत नाही, आणि तरी ड्रिंक अँड ड्राइव्हच्या केसमध्ये त्याच्या नावाने पोलीस स्टेशनची नोटीस आली. घरात, सोसायटीत, मावशीकडे, सगळीकडे एकच वाक्य, अगं तो तर नुसता मागे बसला होता, त्याचा काय संबंध. मलाही पहिल्या रात्री असंच वाटत होतं. पण पुढचे कितीतरी महिने मी त्याच्यासोबत सिव्हिल हॉस्पिटल, पोलीस स्टेशन, वकील, नाशिकच्या सीबीएसजवळचं (म्हणजे सेंट्रल बस स्टँडजवळचं) कोर्ट हे सगळं केलं (बाबांना बीपी आहे म्हणून धावपळ माझ्याकडे आली) आणि त्यात जे कळलं ते लिहून ठेवतेय, कारण हे कोणी आधी सांगत नाही.

झालं काय ते थोडक्यात. गेल्या पावसाळ्यात त्याच्या शाळेतल्या मित्राचं प्रमोशन झालं म्हणून तिघं गंगापूर रोडला, सोमेश्वरच्याही पुढे एका ढाब्यावर जेवायला गेले. गाडी मित्राची, म्हणजे त्याच्या वडिलांच्या नावावरची, नवीनच घेतलेली. दोघं प्यायले, आमच्या धाकट्याने थम्सअप घेतलं. निघताना याने चावी मागितली, याचं फोरव्हीलरचं लायसन आहे, पण तो म्हणाला पप्पांनी कोणाच्या हातात द्यायची नाही सांगितलंय आणि मला काही झालेलं नाही. रिक्षा मिळेना, अ‍ॅपवर गाडी दाखवेना, पाऊस चालू, मग हा मागे बसला. आनंदवलीकडे येताना समोरून एक काका बाइकवरून येत होते, सातपूरच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट संपवून घरी चाललेले. त्यांना उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला, जीव वाचला हे नशीब.

108 ला फोन धाकट्याने केला. अँब्युलन्स येईपर्यंत काकांचं डोकं धरून तो रस्त्यातच बसला होता, स्वतःच्या भुवईतून रक्त येत असताना. पुढच्या सीटवर बसलेला तिसरा मित्र मात्र तोपर्यंत चालत कुठेतरी निघून गेला होता, तो दुसऱ्या दिवशी सापडला.

मी सिव्हिलला पोचले तेव्हा कॅज्युअल्टीच्या बाहेर दोन पोलीस, गाडी चालवणारा बाकावर मान खाली घालून, आणि धाकट्याच्या भुवईला टाके घालणं चाललेलं. तिथे दोन गोष्टी मी नीट बघितल्या. एक म्हणजे रक्ताचा नमुना घेताना सिस्टरने दंडाला स्पिरिट लावलं नाही, साध्या पाण्याच्या बोळ्याने पुसलं, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल, ते लागलं तर उद्या कोर्टात रिपोर्टवर शंका घेतात. मग बाटली सील केली, त्यावर चिठ्ठी, सह्या, ती फॉरेन्सिक लॅबला जाते. अटक केल्यापासून दोन तासांच्या आत ही तपासणी झाली पाहिजे असं कायद्यातच आहे, नाही झाली तर त्याला सोडावं लागतं, त्यामुळे पोलिसांची घाई चाललेली होती. दुसरी गोष्ट म्हणजे एमएलसीच्या (पोलीस केसमधल्या डॉक्टरी तपासणीच्या) कागदावर डॉक्टरांनी प्रत्येकाच्या जखमा कुठे कुठे आहेत ते बारीक लिहिलं. मित्राच्या उजव्या खांद्यावरून छातीवर सीट बेल्टचा तिरका लाल वळ, आणि आमच्याच्या डाव्या भुवईवर जखम, पुढची सीट लागून झालेली. तेव्हा मला हे नुसतं कागदकाम वाटलं होतं. तासाभरात त्याची किंमत कळली.

कारण तेवढ्यात मित्राच्या वडिलांसोबत एक ओळखीचे गृहस्थ आले, चांगले कपडे, बोलणं एकदम मऊ. मला बाजूला घेऊन म्हणाले ताई, तुमचा भाऊ पीत नाही ना, लायसनपण आहे त्याच्याकडे, मग गाडी तोच चालवत होता असं लिहू, पावसात घसरली म्हणायचं, साधा अपघात होतो, जामीन इथल्या इथे, दंड काय असेल तो आम्ही भरू, त्या जखमी माणसाचंही आम्ही बघतो. आमच्या पोराचं व्हिसाचं चाललंय हो, करिअर जाईल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे धाकटा ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हा हो म्हणणार. पाचवीपासूनची दोस्ती, एका डब्यात जेवलेले.

मी नाही म्हणाले. मोठ्याने म्हणाले, पोलिसांना ऐकू जाईल असं म्हणाले. मला तेव्हा कलमं वगैरे काही माहिती नव्हती, पण ज्याने रस्त्यात बसून त्या माणसाचं डोकं धरलं त्याच्याच नावावर तो माणूस उडवल्याचं लिहायचं हे मला सहन होण्यातलं नव्हतं. नंतर वकील मॅडमनी सांगितलं की तेव्हा हो म्हणालो असतो तर काय झालं असतं. पोलिसांना खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेत कलम 217 चा गुन्हा, खऱ्या गुन्हेगाराला वाचवायला खोटं सांगणं कलम 238, आणि पुढे कोर्टात शपथेवर तेच बोललं की खोटा पुरावा, 229, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे ज्याच्यावर काहीच नव्हतं त्याच्यावर तीन कलमं. आणि टिकलंही नसतं, एमएलसीतल्या त्या दोन जखमाच सांगतात कोण कुठे बसलं होतं. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे कारने दोघांचा जीव घेतला त्यात हेच दिसलं ना, ड्रायव्हर बदलायचा प्रयत्न, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, आणि त्यात गाडीत सोबत बसलेल्या पोरांच्या घरच्यांनाही अटक झाली. मूळ अपघातापेक्षा नंतरच्या लपवाछपवीत जास्त माणसं अडकली.

आता नोटीस. चार-पाच दिवसांनी हवालदार घरी आले, कागद दिला, सही घेतली. पोलीस स्टेशनला आधी साहेब म्हणाले होतेच की 188 माहितीये का, सोबत बसणारा पण आरोपी होतो. बाबांना वाटलं लॉकडाऊनमधलं 188, ते म्हणाले ते तर संचारबंदीचं होतं. ते वेगळं, ते जुन्या आयपीसीचं. हे मोटार वाहन कायद्याचं 188. त्यात एवढंच आहे की 184, 185, 186 या कलमांखालच्या गुन्ह्याला जो चिथावणी देईल किंवा मदत करेल त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. 184 म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग, 185 दारू पिऊन चालवणं, 186 शरीराने किंवा मनाने चालवायच्या स्थितीत नसताना चालवणं. 185 ला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत किंवा 15,000 किंवा दोन्ही. म्हणजे मागे बसलेल्याने मदत केली असं सिद्ध झालं तर त्यालाही तेच, अर्धं वगैरे काही नाही.

आणि मर्यादा किती, तर 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. हे नाशिककरांनी जरा लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे वायनरीचं मोठं कौतुक, शनिवार-रविवार गंगापूर रोडला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते, आणि बसणारे बिनधास्त म्हणतात वाईन तर आहे, दारू थोडीच. मशीनला वाईन, बिअर, व्हिस्की असलं काही कळत नाही, आकडा 30 च्या वर गेला की गेला.

वकील मॅडमनी नोटीस हातात घेतल्या घेतल्या पहिलं काय बघितलं तर वरचं कलम. त्या म्हणाल्या पोलिसांचा कागद आला की आधी हे बघायचं. नागरिक सुरक्षा संहितेचं (म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) 179 लिहिलं असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय. 35(3) लिहिलं असेल तर संशयित म्हणून. आमच्या नोटिशीवर 35(3) होतं. माझ्या पोटात खड्डा पडला. पण त्यांनी नीट समजावलं की ही नोटीस म्हणजे अटक नव्हे, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक न करता अशी नोटीस देतात, तुम्ही दिलेल्या तारखेला हजर राहिलात, सहकार्य केलंत तर अटक करायची नसते, करायची झालीच तर कारण लिहून करावी लागते. गेलाच नाहीत तर मात्र अटक होऊ शकते. आमच्या एका नातेवाइकांचा सल्ला होता की त्याला महिनाभर गावाला पाठवून द्या, विषय थंड होईल. असले सल्ले ऐकू नका.

मग मॅडमनी त्याला समोर बसवून जे प्रश्न विचारले त्यात सगळं मॅटर होतं. दारूचे पैसे कोणी दिले? ग्लास भरून कोणी दिला? गाडी कोणाची? चावी कोणाच्या खिशात होती आणि त्याला कोणी दिली? निघताना तू काय म्हणालास? गाडीत काय बोलणं झालं? स्पीड वाढव असं कोणी म्हणालं? याने प्रत्येकाचं खरं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या बघ, कायद्यात अपप्रेरणा म्हणजे तीन गोष्टी, चिथावणी देणं, आधी ठरवून कट करणं, किंवा जाणूनबुजून मदत करणं. नुसतं सीटवर असणं याच्यात आपोआप बसत नाही. पण म्हणून निर्धास्त राहायचं नाही, कारण मद्रास हायकोर्टाने 2023 साली अशाच एका जुन्या अपघातात, दारू प्यायलेल्या ड्रायव्हरसोबत बसलेल्या नातेवाइकाला खटल्यातून वगळायला नकार दिलाय, म्हणाले खटला चालू दे, पुरावा बघू. म्हणजे सुटका झाली तरी ती शेवटी होणार, तोवर कोर्टाच्या तारखा आहेतच. आणि आमच्या धाकट्याच्या कंपनीत दर थोड्या दिवसांनी पोलीस व्हेरिफिकेशन मागतात, त्यात आरोपी म्हणून नाव असणं आणि साक्षीदार म्हणून असणं यात केवढा फरक पडतो ते वेगळं सांगायला नको.

मॅडमनी आणखी एक काम त्याच दिवशी करायला लावलं, ते मी सगळ्यांना सांगते. ढाब्याच्या पार्किंगचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं म्हणून तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज, आणि अर्जाच्या कॉपीवर पोलीस स्टेशनचा पोचशिक्का. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग थोडेच दिवस राहतं, मग त्याच्यावरच नवीन चढतं, तेव्हा उद्या करू म्हणायची सोय नाही.

जबाबाचा दिवस मी विसरणार नाही. टेबलावर कॉम्प्युटर, हवालदार दोन बोटांनी टाईप करतायत, ‘समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून विचारलेवरून जबाब देतो की’ अशी सुरुवात. हा बोलतोय एक आणि उतरतंय थोडं वेगळं. म्हणजे मुद्दाम खोटं असं मी म्हणत नाही, त्यांना ते रोजचं काम, साचा ठरलेला. पण वाचून दाखवलं तेव्हा त्यात होतं की आम्ही तिघांनी मद्यप्राशन करून जेवण केले व नंतर गाडीने निघालो. चावी मागितल्याचं कुठेच नाही, 108 ला फोन केल्याचंही नाही. मी दारात उभी होते, मी म्हणलं साहेब, एवढं दुरुस्त करा, तो प्यायलेला नाही, त्याचंही रक्त घेतलंय तुम्ही, रिपोर्ट येईलच. जरा चिडले, मग खोडून परत टाईप केलं. चावीचं वाक्य घातलं, फोन नंबर आणि वेळ टाकून 108 चं घातलं, कॉल लॉग दाखवला. पोलिसांपुढच्या अशा जबाबावर सही घ्यायची नसते, म्हणून तर तो आधी नीट वाचून किंवा ऐकून घेणं हाच आपल्या हातातला चान्स. आणि जे प्रश्न तुम्हालाच गुन्ह्यात अडकवतील त्यांची उत्तरं देणं बंधनकारक नाही, हेपण कायद्यात लिहिलंय. बाकी सगळं खरं सांगायचं.

साहेबांनी मधेच त्याला विचारलं, तुला येते गाडी, तू प्यायलेला नव्हतास, मग तू का नाही चालवलीस? हा प्रश्न सगळ्यात जड होता. तो म्हणाला, मागितली होती सर, दिली नाही. मग उतरून का नाही गेलास? याला काही उत्तर देता आलं नाही, तो गप्प बसला, आणि साहेबांनीही पुढे ताणलं नाही. चोवीस वर्षांचा पोरगा, रात्रीचे साडेअकरा, धो धो पाऊस, जिवलग मित्र. मी त्याला दोष देणार नाही, पण हा प्रश्न विचारला जातोच हे तुम्हाला माहिती असू दे.

फुटेज मिळालं. चित्र धूसर आहे, आवाज नाही, पण गाडीच्या दरवाजापाशी आमचा धाकटा हात पुढे करून उभा आहे, मित्र चावी असलेला हात मागे नेतोय, पुन्हा हा हात पुढे करतो, मग तिसरा मधे पडून हसत याला ढकलत मागच्या दाराकडे नेतो, एवढं स्वच्छ दिसतं. आणि त्या तिसऱ्याच्या फोनमध्ये स्टेटसला टाकायला घेतलेला व्हिडिओ होता, पुढच्या सीटवरून काढलेला, काचेवर वायपर, स्पीडच्या काट्याचा क्लोजअप, आणि त्याचाच आवाज, दाब रे दाब, अजून दाब. तो फोन पोलिसांनी पंचनामा करून घेतला.

चार्जशीट आलं तेव्हा हिशेब असा होता. चालवणाऱ्यावर न्याय संहितेचं 281 आणि 125 (गंभीर दुखापतीचं), मोटार वाहन कायद्याचं 184 आणि 185. पुढे बसलेल्यावर 188. आणि आमचा धाकटा साक्षीदारांच्या यादीत. एकाच गाडीत, एकाच वेळी बसलेले दोघं, त्यात एक आरोपी आणि एक साक्षीदार, आणि फरक कशाने पडला तर कोण काय बोललं आणि कोणी काय केलं याने. मध्ये मित्राकडून फोन, निरोप, ‘एवढं बोलायची काय गरज होती’ असं बरंच झालं, म्हणून तपास अधिकाऱ्यांनीच त्याचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली नोंदवून घेतला. तो शपथेवर असतो, त्यावर सही असते, मग कोणी दबाव टाकून फारसा उपयोग नाही. त्यानंतर फोन थांबले.

कॉलनीत काही जण म्हणतात मित्राला अडकवलं. त्यांना मी एकच विचारते, सिव्हिलला त्या काकांच्या बायकोला भेटलात का? मी भेटले. पायात रॉड, कंपनीत कंत्राटी, पगार बंद, मुलगी बारावीला. मित्राच्या घरच्यांनी पहिल्या आठवड्यात थोडे पैसे दिले आणि ‘आपसात मिटवू’ म्हणून एका कागदावर त्यांची सही मागत होते. मी त्यांना म्हणलं वहिनी, वाचल्याशिवाय कशावर सही करू नका, आणि मोटार अपघात प्राधिकरणात दावा टाका, त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीये 2022 पासून. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याच मॅडमच्या ओळखीतल्या वकिलांनी तो दावा टाकला, ड्रायव्हर, गाडीमालक म्हणून त्याचे वडील आणि विमा कंपनी असे तिघं सामनेवाले. मागे बसलेला त्यात येत नाही, भरपाई त्याच्याकडून मागत नाहीत. विमा कंपनीने अपेक्षेप्रमाणे लेखी दिलंय की ड्रायव्हर प्यायलेला होता सबब आमची जबाबदारी नाही. यावर वकील म्हणाले घाबरू नका, 2019 च्या दुरुस्तीनंतर कंपनीला हा बचाव घेता येतो हे खरं, पण रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला आधी कंपनीने पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे असे आदेश प्राधिकरणं देतात, आपण तेच मागतोय. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम मात्र त्यांना मिळाला नाही, पिऊन चालवली की पॉलिसीत तो बसत नाही.

धाकट्याच्या भुवईच्या टाक्यांसाठी आम्हीही दावा टाकू शकलो असतो. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की मग कंपनी म्हणणार, ड्रायव्हर प्यायलाय हे माहिती असून बसला, म्हणजे याचाही निष्काळजीपणा, रक्कम कमी करा. खर्च किरकोळ होता, आम्ही नाही टाकला. मोठी दुखापत असेल तर मात्र विचारून बघाच, या मुद्द्याला घाबरून सोडून देऊ नका.

सध्या फौजदारी केस सीबीएसजवळच्या कोर्टात चालू आहे. पुढे बसलेल्याच्या वकिलांनी त्याला वगळा म्हणून अर्ज दिलाय, म्हणणं तेच, तो नुसता सीटवर बसला होता. सरकारी वकिलांनी त्याच्या उत्तरात व्हिडिओ लावलाय. त्या अर्जाचा निकाल लागला की मग साक्षी सुरू होतील, धाकट्याचं समन्स येईल, आणि त्याच आठवड्यात काकांच्या दाव्यातही त्याला बोलावतील असं दिसतंय. कंपनीत त्याने साहेबांना आधीच सांगून ठेवलंय की कोर्टाच्या तारखांना रजा लागेल. काकांच्या पायातला रॉड अजून काढायचा आहे.